गर्भवतीचे घर आणि कुत्र्यावरील गोचिडांचे औषध

पावसाळा ओसरत आला होता. तालुक्याच्या गावी पशुवैद्यकीय दवाखान्यात काही माहिती गोळा करण्यासाठी बसलो असताना एक वयस्क शेतकरी दाराशी येऊन उभे राहिले. त्यांच्याबरोबर जनावर नव्हते. डॉक्टरांनी कामाचे विचारताच ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कुत्र्याच्या अंगावर गोचिडांचा थर बसलाय. सुनेला पाचवा महिना चालू आहे. कुत्र्याला भाकरी घालते तीच, त्याला धुते तीच. आता त्याला रानात नेऊन सोडू, का कपाशीवरचं औषध पाण्यात कालवून लावायला सांगू?"

डॉक्टर म्हणाले, "काका, दोन्ही नको. बसा इथं."

त्यापुढील अर्ध्या तासात डॉक्टरांनी त्यांना जे समजावून सांगितले, त्याची गरज असलेली घरे आपल्या राज्यात थोडीथोडकी नाहीत. खंडोबाच्या सोबतीला कुत्रा आणि दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान पाहणारा आपला समाज आहे. वाड्यावस्तीवर, धनगरांच्या तळावर, शेतावरच्या खोपीत आणि आता शहरातील सदनिकेतही कुत्रा हा घरचाच एक घटक असतो. घरात बाळाची चाहूल लागली, की त्याच्या अंगावरील गोचीड आणि पिसवा हा एकदम काळजीचा विषय होतो. मग कोणी औषधाच्या भीतीने काहीच करीत नाही, तर कोणी गोचिडांच्या भीतीने हाती येईल ते विष वापरतो. या दोहोंमधील सुरक्षित वाट दाखवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शत्रूची ओळख

पिसू हा सहा पायांचा, पंख नसलेला कीटक आहे. गोचीड मात्र कीटक नव्हे. त्याचे नाते कोळी आणि विंचू यांच्या कुळाशी आहे. अंड्यातून बाहेर पडताना त्याला सहा पाय असतात, पुढील अवस्थांत ते आठ होतात. आपल्याकडे कुत्र्यांवर प्रामुख्याने तपकिरी रंगाचा गोचीड आढळतो. त्याचे वैशिष्ट्य असे, की प्रत्येक अवस्थेत रक्त पिऊन झाले की तो कुत्र्याच्या अंगावरून उतरतो, आडोशाला जाऊन कात टाकतो आणि पुन्हा कुत्र्यावर चढतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी भिंतीच्या भेगेत, फरशीच्या सांध्यात किंवा कुत्र्याच्या घरट्याच्या कोपऱ्यात शिरून हजारोंच्या संख्येने अंडी घालते. भुकेला प्रौढ गोचीड कित्येक महिने अन्नावाचून तग धरू शकतो.

पिसवांचेही तसेच आहे. मादी पिसू कुत्र्याच्या केसांत अंडी घालते खरी, परंतु ती तेथे टिकत नाहीत. कुत्रा जेथे झोपतो, अंग झाडतो, तेथे ती गळून पडतात. धुळीत, गोणपाटात, सतरंजीखाली अळ्या वाढतात, कोश तयार होतात. आपल्याला दिसणाऱ्या पिसवा म्हणजे त्यांच्या एकूण संख्येचा लहानसा हिस्सा होय. बाकीचा संसार घराच्या जमिनीवर असतो. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली, तर निम्मे काम औषधाशिवाय होऊ शकते, हे पुढे दिसून येईल.

मग या जीवांना तसेच राहू द्यावे काय? नाही. गोचिडांमुळे कुत्र्याला बबेसिया आणि एर्लिकिया या जंतूंचे गंभीर आजार होतात. गोचिडांमार्फत पसरणारा एक ताप माणसालाही होतो आणि त्याचे रुग्ण महाराष्ट्रात आढळले आहेत. तीव्र ताप, डोकेदुखी आणि अंगावर पुरळ ही त्याची लक्षणे होत. गरोदरपणात असा ताप आल्यास तो अंगावर काढणे धोक्याचे असते. गोचीड चावला असल्यास किंवा घरात गोचीड असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, म्हणजे निदानाला वेळ लागत नाही. २०१६ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यात चर्चेत असलेला माकडताप मात्र जंगलातील वेगळ्या जातीच्या गोचिडांमुळे पसरतो. कुत्र्यावर नेहमी दिसणारा तपकिरी गोचीड तो नव्हे.

आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. प्राण्यांपासून गर्भाला धोका असतो असे जे ऐकू येते, ते बहुधा टोक्सोप्लाझ्मा या रोगाविषयी असते. त्याचे जंतू मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात, कुत्र्याच्या नव्हे. केवळ घरात गर्भवती आहे म्हणून कुत्र्याला हाकलून देण्याचे कारण नाही.

औषध अंगात शिरते कसे?

गोचीड व पिसवा यांना मारणारी बहुतेक औषधे त्यांच्या मज्जासंस्थेवर आघात करतात. माणसाच्या शरीरावर त्यांचा परिणाम तुलनेने कमी व्हावा अशी त्यांची योजना असते. तथापि 'कमी' म्हणजे 'मुळीच नाही' असे नव्हे. हाताच्या त्वचेतून, फवाऱ्याच्या तुषारांतून श्वासावाटे आणि हात न धुता घेतलेल्या घासातून औषधाचा अंश शरीरात जाऊ शकतो. गर्भाभोवतीची वार ही काही तटबंदी नव्हे. आईच्या रक्तातील अनेक रसायने तिच्यातून पलीकडे जातात.

गर्भाचे हृदय, मेंदू, हातपाय यांची मूळ घडण पहिल्या दोन महिन्यांत होते. या काळात पुष्कळदा स्त्रीला आपण गरोदर आहोत याची खात्रीही झालेली नसते. म्हणून ज्या घरात बाळाची अपेक्षा आहे, तेथे ही दक्षता दिवस गेल्याचे कळल्यानंतर नव्हे, तर आधीपासूनच घेतलेली बरी.

ही भीती केवळ कल्पनेतील आहे असे कोणी समजू नये. वाळवीसाठी आपल्याकडे परिचित असलेले क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक अमेरिकेत पूर्वी घराघरांतून वापरले जात असे. न्यूयॉर्क शहरातील गर्भवतींचा अभ्यास करताना कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना असे दिसले, की ज्या बालकांच्या नाळेतील रक्तात त्याचा अंश अधिक होता, त्यांचे जन्माच्या वेळचे वजन सरासरीने कमी भरले. २००१ च्या सुमारास घरगुती वापर थांबल्यानंतर जन्मलेल्या बालकांत हा संबंध दिसेनासा झाला. हा अभ्यास कुत्र्याच्या औषधांचा नव्हता आणि सर्व औषधे सारखी नसतात, हे खरे. परंतु घरात वापरलेले कीटकनाशक आईमार्फत बाळापर्यंत पोहोचते आणि वापर थांबविल्यास बाळाचे हितच होते, हा बोध त्यातून निश्चित मिळतो.

जे कधीही वापरू नये

शेतावरील कीटकनाशक कुत्र्याच्या अंगावर लावणे हा आपल्या ग्रामीण भागातील सर्वांत मोठा धोका होय. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना विस्मरणात जाऊ नये. मोकळ्या रानात जे औषध माणसाचा बळी घेऊ शकते, ते घराच्या पडवीत, उघड्या हातांनी, कुत्र्याच्या अंगावर चोळणे किती घातक ठरेल, हे निराळे सांगावयास नको. कुत्रा ते चाटतो, मुले त्याला कवटाळतात आणि पाण्याने भरलेली बादली पुन्हा घरकामाला घेतली जाते.

औषध ओळखण्याची एक सोपी खूण आहे. शेतीच्या कीटकनाशकाच्या डब्यावर विषारीपणानुसार लाल, पिवळ्या, निळ्या किंवा हिरव्या रंगाचा त्रिकोण असलेली चौकट छापलेली असते. लाल रंग सर्वांत जहाल. ज्या डब्यावर अशी चौकट आहे, तो कुत्र्यासाठी नाही असे समजावे, मग रंग हिरवा का असेना. जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर पाळीव जनावराच्या डोक्याचे चित्र आणि ते केवळ जनावरांच्या उपचारासाठी असल्याची सूचना असते. अक्षरओळख नसलेल्या व्यक्तीलाही ही दोन चिन्हे सहज दाखवून देता येतील.

जुन्या पत्र्याच्या डब्यात राहिलेली पांढरी भुकटी 'अजून चालते' म्हणून वापरणारे लोक आहेत. एकेकाळी घरोघरी ठाऊक असलेल्या बीएचसी भुकटीवर १९९७ मध्ये बंदी आली. कुत्र्यांच्या पावडरीत वापरले जाणारे कार्बारिल आणि गोचिडांसाठी वापरले जाणारे डायझिनॉन यांच्यावर २०१८ मध्ये बंदी घालण्यात आली. असे जुने डबे वापरू नयेत आणि विहिरीत, ओढ्यात किंवा उकिरड्यावरही टाकू नयेत. त्यांचे काय करावे हे कृषी सहायकांना विचारावे.

गाईम्हशींसाठी आणलेले गोचिडांचे औषधही कुत्र्याला अंदाजाने लावू नये. त्याची तीव्रता मोठ्या जनावरांच्या हिशेबाने ठरविलेली असते.

घरगुती उपायांबद्दलही सावध असावे. तंबाखूच्या पाण्यातील निकोटीन त्वचेतून शरीरात शिरते. गर्भवतीने ते हाताळणे अयोग्यच आहे. रॉकेलमुळे कुत्र्याची कातडी भाजते. कडुनिंबाचे तेल झाडपाल्याचे म्हणून निर्धोक मानले जाते, परंतु प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने गर्भ टिकण्यास बाधा येत असल्याचे आढळले आहे. वनस्पतीपासून मिळाले एवढ्यानेच एखादे द्रव्य निरुपद्रवी ठरत नाही.

जे वापरता येते, आणि कसे

पशुवैद्यकाच्या सल्ल्याने मिळणारी औषधे साधारणतः चार प्रकारची असतात.

पहिला प्रकार मानेवर थेंब सोडण्याच्या औषधाचा. फिप्रोनिल हे त्यातील परिचित नाव. मानेमागील केस बाजूला सारून ते थेट कातडीवर सोडतात. असे औषध लावलेल्या कुत्र्याच्या अंगावरून हात फिरविल्यास त्याचा अंश हाताला लागतो. पहिल्या दिवशी तो सर्वाधिक असतो, पुढे हळूहळू कमी होत जातो. म्हणून औषध रात्री सोडावे आणि पहिले एक-दोन दिवस गर्भवतीने व लहान मुलांनी कुत्र्याला हात लावू नये.

दुसरा प्रकार पोटात देण्याच्या गोळ्यांचा. आफोक्सोलानेर, फ्लुरालानेर अशी त्यांची नावे आहेत. या गोळ्यांमुळे कुत्र्याच्या केसांवर औषधाचा थर राहत नाही. त्यामुळे ज्या घरात गर्भवती आहे, तेथे हा प्रकार सोयीचा ठरेल काय, हे पशुवैद्यकाला अवश्य विचारावे. कुत्र्याला पूर्वी कधी झटके आले असल्यास तेही सांगावे, कारण या गटातील औषधांमुळे काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात. या गोळ्या माणसांच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवू नयेत.

तिसरा प्रकार अंग भिजविण्याच्या औषधांचा. अमिट्राझ हे त्यात येते. पाण्यात कालवून ते सर्व अंगावर लावावे लागत असल्याने उडणारे शिंतोडे आणि वास यांचा संपर्क येथे सर्वांत अधिक. गर्भवतीने त्या जागी थांबूही नये. मधुमेह असलेल्या व्यक्तीनेही ते हाताळू नये.

चौथा प्रकार गळ्यात बांधण्याच्या औषधी पट्ट्याचा. त्यातून औषध महिनोन्महिने थोडेथोडे झरत राहते. जो कुत्रा घरात, पायाशी, अंथरुणाजवळ वावरतो, त्याला गर्भवतीच्या घरात पट्टा नसलेला बरा.

घरात मांजर असल्यास परमेथ्रिन असलेले औषध लावलेल्या कुत्र्यापासून तिला दूर ठेवावे. मांजराचे शरीर त्या द्रव्याचा निचरा करू शकत नाही आणि ते तिच्या जिवावर बेतू शकते.

गर्भवतीने काय करावे, काय टाळावे

सर्वांत महत्त्वाचा नियम एका वाक्यात सांगता येईल. औषध कुत्र्याला द्यावे, पण ते गर्भवतीच्या हाताने नको. पती, दीर, सासरे, सासू यांपैकी कोणीही हे काम करू शकेल. औषध लावणाराने रबरी हातमोजे घालावेत, मोकळ्या हवेत बसावे, वाऱ्याची दिशा पाहावी, काम होईपर्यंत विडी-तंबाखूला हात लावू नये आणि शेवटी साबणाने हात धुऊन कपडे बदलावेत. ते कपडे घरच्या इतर कपड्यांबरोबर गर्भवतीच्या हाती धुण्यास देऊ नयेत, ही गोष्ट पुष्कळ घरांत विसरली जाते.

ज्या घरात दुसरे कोणीच नाही, तेथे शेजाऱ्याची मदत घ्यावी किंवा कुत्र्याला दवाखान्यात न्यावे. त्यातूनही स्वतःच औषध देण्याची वेळ आली, तर गोळीचा प्रकार निवडता येईल काय हे पशुवैद्यकाला विचारावे आणि आपल्या अवस्थेची कल्पना त्यांना स्पष्टपणे द्यावी. यात संकोच बाळगू नये. आरोग्यसेविका किंवा आशा ताई घरी आल्या असता त्यांनाही ही माहिती द्यावी.

अजाणता औषधाला हात लागला, किंवा दिवस गेल्याचे कळण्याआधी एकदा कुत्र्याला औषध लावून झाले, तर घाबरून जाऊ नये. एका वेळच्या अल्प संपर्काने अपाय झालाच असे होत नाही. हात स्वच्छ धुवावेत, औषधाचे नाव लिहून ठेवावे आणि पुढील तपासणीच्या वेळी डॉक्टरांना दाखवावे.

औषधाशिवाय होणारे निम्मे काम

गोचिडांचा व पिसवांचा संसार जमिनीवर असतो, हे आपण पाहिले. तेव्हा कुत्र्याची झोपण्याची जागा हेच खरे रणांगण होय. त्याचे गोणपाट, चादर दर आठवड्याला कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावी. जागा रोज झाडून कचरा दूर टाकावा. भिंतीच्या व फरशीच्या भेगा लिंपून चुना लावून घ्यावा. अंगणातील गवत व पालापाचोळा काढावा.

कुत्र्याच्या अंगावरून रोज बारीक दातांची फणी फिरवून ती साबणाच्या पाण्यात बुडवावी, म्हणजे पिसवा त्यात मरतात. गोचीड काढावयाचा तर तो चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावा. त्याला पिळू नये, डाग देऊ नये, त्यावर रॉकेल टाकू नये. काढलेला गोचीड नखाने चिरडण्याची सवय वाईट, कारण त्याच्या रक्तातून जंतू आपल्या हाताला लागू शकतात. तो साबणाच्या दाट पाण्यात टाकावा. ही कामेही शक्यतो घरातील इतरांनीच करावीत.

कुत्रीच गाभण असेल तर?

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. या काळात आणि पिल्ले अंगावर पीत असेपर्यंत तिला कोणतेही औषध पशुवैद्यकाला विचारल्यावाचून देऊ नये. एकाच गटातील औषधांतही फरक असतो. फ्लुरालानेरच्या माहितीपत्रकात गाभण व दूध पाजणाऱ्या कुत्र्यांना ते देता येते असे नमूद असते; आफोक्सोलानेरविषयी मात्र पशुवैद्यकाला विचारावे. सेलामेक्टिन हे थेंबाचे औषध गाभण कुत्रीला चालते. अमिट्राझ टाळावे. औषध घेताना कुत्री गाभण आहे, तिचे वजन अमुक आहे आणि पिल्ले इतक्या दिवसांची आहेत, या तीन गोष्टी सांगितल्या की योग्य औषध निवडणे सोपे जाते. अगदी लहान पिल्लांसाठी फणी, चिमटा आणि स्वच्छ अंथरूण हेच उत्तम औषध होय.

अपघात घडल्यास

औषध अंगावर सांडल्यास भिजलेले कपडे ताबडतोब काढून ती जागा साबण व भरपूर पाण्याने धुवावी. डोळ्यात गेल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. पोटात गेल्यास आपल्या मनाने ओकारी काढू नये. खूप घाम येणे, तोंडाला पाणी सुटणे, उलट्या, अंधूक दिसणे, स्नायू थरथरणे ही विषबाधेची चिन्हे होत. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचा डबा बरोबर न्यावा. डॉक्टरांना उपचाराची दिशा त्या डब्यावरूनच कळते. कुत्रा लाळ गाळू लागला, थरथरला किंवा झोकांड्या खाऊ लागला, तर पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ या क्रमांकावर संपर्क साधावा.

त्या दिवशी डॉक्टरांनी कुत्र्याचे वजन विचारून गोळी लिहून दिली. उठताना ते शेतकरी म्हणाले, "म्हणजे कुत्र्यालाही ठेवायचं, औषधही द्यायचं. फक्त सुनेचं काम आपण करायचं." डॉक्टर हसून म्हणाले, "काका, एवढंच. चिमटा, फणी, गोणपाट, सगळं आता तुमच्याकडे." आपल्या राज्यातील प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांनी हे काम असेच आपल्याकडे घेतले, तर राखण करणारा कुत्राही घरी राहील आणि येणारे बाळही सुखरूप येईल.